काळी पूड, जांभळं पाणी

घाट उतरून आलेल्या एखाद्या जर्मन गाडीच्या पुढच्या चाकावरून बोट फिरवा. बोटाला लागतं त्याला आपण सवयीने धूळ म्हणतो. पण रस्त्याची धूळ तांबूस, भुसभुशीत असते, फुंकर मारली की निम्मी उडते. ही पूड काजळासारखी काळी, आणि साबण लावून हात धुतला तरी बोटांच्या रेषांत बसून राहणारी. एखादं लोहचुंबक प्लॅस्टिकच्या पिशवीत गुंडाळून या वाळलेल्या पुडीवर टेकवा. पिशवीवर बारीक केसांसारखा झुपका उभा राहतो. चाकावर बसलेलं हे लोखंड आहे.

येतं ते ब्रेकच्या डिस्कमधून. डिस्क बिडाची असते, घरातल्या बिडाच्या तव्याच्याच जातकुळीतली. तवा रात्रभर ओला राहिला की सकाळी त्यावर तांबूस थर येतो, आणि पावसात उभ्या राहिलेल्या गाडीची डिस्कही तशीच लाल दिसते. ब्रेक दाबला की पॅड डिस्कला घासतो, दोघंही झिजतात, आणि झिजलेलं सगळं त्याच चाकाच्या आत उडतं. किती, ते कागदावर मांडून बघण्यासारखं आहे. ३५० मिलिमीटर व्यासाची डिस्क, पॅड घासतो तो पट्टा ६ सेंटिमीटर रुंद, आणि दोन्ही बाजू मिळून २ मिलिमीटर झीज झाली की डिस्क बाद, असं धरू. (नक्की किमान जाडी डिस्कवरच कोरलेली असते.) हिशेब पाऊण किलोच्या थोडा वर जातो. एवढं बीड एका डिस्कने आयुष्यभरात पूड करून टाकलेलं असतं. त्यात पॅडचं दोन-तीनशे ग्रॅम मिळवा, म्हणजे पुढच्या एकेका चाकामागे किलोभर माल. त्यातला काही हवेत जातो, काही रस्त्यावर पडतो, आणि बाकीचा चाकाला चिकटतो.

सगळ्याच गाड्या इतक्या काळवंडत नाहीत. जपानी किंवा कोरियन घरगुती गाडीची चाकं महिनाभर न धुता चालून जातात. शेजारी उभ्या असलेल्या बीएमडब्ल्यूची किंवा ऑक्टाव्हिया आरएसची पुढची चाकं चार दिवसांत कोळशाच्या वखारीतून आल्यासारखी दिसतात. कारण पॅडच्या मिश्रणात आहे. जपानी पद्धतीचे पॅड बहुधा सेंद्रिय घडणीचे असतात. ते डिस्कवर स्वतःचा पातळ थर चढवतात आणि मग त्या थरावरच घासतात. युरोपीय गाड्यांत बहुतकरून लो-मेटॅलिक पॅड येतात, म्हणजे ज्यात पोलादी तंतू आणि धातूची भुकटी मिसळलेली असते असे. ते डिस्कला खरवडून पकड मिळवतात. ताशी २०० किलोमीटरवरून पाय दाबला तरी पेडल पोकळ लागू नये, गार ब्रेकलाही पहिल्याच दाबाला चावा यावा, यासाठी केलेली ही निवड आहे आणि तिची किंमत चाकावर दिसते. त्यामुळे 'एवढी महाग गाडी आणि ब्रेक एवढे घाण करतात' ही तक्रार ऐकली की मला जरा हसू येतं. महाग आहे म्हणूनच करतात.

आता घाटाचं गणित. लोणावळा समुद्रसपाटीपासून साधारण ६२० मीटरवर आहे आणि खोपोली ६० मीटरच्या आसपास. १,८०० किलोची गाडी तेवढी खाली येते तेव्हा सुमारे ९.९ मेगाज्यूल ऊर्जा कुठे तरी जिरवावी लागते. तीच गाडी ताशी १०० किलोमीटरवरून शून्यावर आणायला ०.७ मेगाज्यूल लागतात. म्हणजे एक घाट उतरणं हे १०० वरून कचकचीत ब्रेक मारून थांबण्याच्या चौदा खेपांएवढं झालं. यातला काही वाटा हवेचा विरोध आणि टायर खातात. उरलेला इंजिनावर टाकायचा की ब्रेकवर, हे चालवणाऱ्याच्या हातात असतं. ऑटोमॅटिक गिअरबॉक्स 'डी'मध्येच ठेवून अख्खा घाट ब्रेकवर उतरणारे पुष्कळ आहेत. स्टिअरिंगमागचं गिअरचं पॅडल दाबून दुसरा-तिसरा गिअर धरला की इंजिन गाडी आवरतं आणि चाकावरची पूड डोळ्यांना दिसेल इतकी कमी होते. चाकं स्वच्छ ठेवण्याचा हा सगळ्यात स्वस्त उपाय, शिशीत न मिळणारा.

पूड चाकावर बसते तेव्हा तिचे कण गरम असतात. डिस्क तीन-चारशे अंशांपर्यंत तापलेली असली की तिच्यावरून उडालेला कण थेट चाकाच्या वार्निशात, म्हणजे क्लिअर कोटमध्ये, रुतून बसतो. शाम्पूने वरची काळी पूड जाते आणि चाक चकचकीत दिसतं. आठवड्याने पाऊस पडतो आणि त्याच चाकावर नारिंगी ठिपके उगवतात. ते रुतलेले कण गंजलेले असतात. गंजताना लोखंड फुगतं, त्यामुळे कण आपल्याभोवतीचा क्लिअर कोट उचलतो, त्याला केसाएवढी चीर पाडतो, आणि मग खालच्या धातूपर्यंत पाण्याला वाट मिळते.

खालचा धातू ॲल्युमिनिअम. ओतीव चाकात त्यात सुमारे ७ टक्के सिलिकॉन आणि थोडं मॅग्नेशिअम मिसळलेलं असतं. ॲल्युमिनिअमला लोखंडासारखा लाल गंज चढत नाही. हवेत ते स्वतःवर ऑक्साइडची अतिशय पातळ कातडी चढवून घेतं आणि त्या कातडीच्या जिवावर जगतं. ही कातडी साधारण ४ ते ९ या पीएचमध्ये शाबूत राहते. त्याच्या अलीकडे आम्ल तिला विरघळवतं, पलीकडे अल्कली. आपल्या आज्यांना हे पीएच हा शब्द न ऐकता ठाऊक होतं: ॲल्युमिनिअमच्या पातेल्यात सोडा घालून पाणी उकळलं की पातेलं काळं पडतं, आणि चिंच-लिंबाने घासलं की पांढरं निघतं. पांढरं निघतं तेही वरची कातडी जाऊनच. पातेल्याला रोज घासून चालतं, ते जाड आणि साधं असतं. चाकाला चालत नाही. आणि या कातडीचा तिसरा शत्रू क्लोराइड, म्हणजे मीठ. ते पीएचची वाट बघत नाही, सरळ भोकं पाडतं. वरळी-वांद्र्याला समुद्राच्या तोंडावर उभी राहणारी गाडी, भाऊच्या धक्क्यावरून मांडव्याला रो-रो बोटीच्या डेकवर खारे तुषार खात जाणारी गाडी, गोव्यात किनाऱ्याजवळ नारळाखाली लावलेली गाडी, या सगळ्यांच्या चाकांवर मिठाचा थर असतो आणि तो डोळ्यांना दिसत नाही.

सगळ्यात आधी मार खातात ती डायमंड कट चाकं. आधी पूर्ण चाक रंगवायचं, मग लेथवर चढवून समोरचा तोंडवळा हिरकणीच्या टोकाने कापून उघडा धातू आणायचा, आणि त्यावर नुसता पारदर्शक थर द्यायचा, अशी ती घडण असते. शोरूममध्ये ती फार देखणी दिसतात. पण कापलेल्या गुळगुळीत धातूवर त्या थराची पकड मुळातच बेताची, आणि कापाच्या धारेवर तो आणखी पातळ होतो. तिथे खडी उडून लागली, फुटपाथला कड घासली, किंवा टायरवाल्याने बॅलन्सिंगच्या वजनाची क्लिप ठोकली की टाचणीच्या टोकाएवढी फट पडते.

त्या फटीतून पुढे जे होतं ते भिंग घेऊन बघण्यासारखं आहे. पारदर्शक थराखाली पांढुरक्या, धाग्यासारख्या बारीक रेषा निघतात आणि नागमोडी चालू लागतात, थेट वाळवीच्या वाटांसारख्या. प्रत्येक रेषेला एक डोकं असतं आणि मागे वाळलेली शेपटी. डोक्यात खारट, आम्लधर्मी पाण्याचा थेंब असतो. तो समोरचा धातू खात पुढे सरकतो आणि मागे पांढरी पूड टाकत जातो. दोन रेषा एकमेकींजवळ आल्या तर त्या एकमेकींना छेदत नाहीत, वळसा घेतात किंवा थांबतात, कारण आधीच्या रेषेने तिथलं सगळं वापरून टाकलेलं असतं. याला फिलिफॉर्म करोजन म्हणतात. त्याला चिखल किंवा पाणी साचणंही लागत नाही, हवेतला ओलावा पुरतो. जूनपासून सप्टेंबरपर्यंत मुंबईची हवा त्याला आयती मिळते. तळघरातल्या पार्किंगमध्ये झाकून ठेवलेल्या गाडीच्या चाकांवरही वाळवी पसरते. ओल्या गाडीवर कव्हर घालून ओलावा कोंडला तर उलट लवकर पसरते.

हे सगळं खरं असलं तरी माझं मत असं, की आपल्याकडे ही चाकं पुडीने जेवढी मरतात त्याहून जास्त ती धुण्याने मरतात. वॉशिंग सेंटरवर गाडी गेली की पोरगा विनालेबलच्या बाटलीतलं काही तरी चाकांवर मारतो, सेकंदात काळं पाणी वाहतं, चाक आरशासारखं निघतं आणि मालक खूश. त्या बाटलीत बहुतेक वेळा आम्ल असतं. काही ठिकाणी सरळ टॉयलेट क्लीनर वापरतात, म्हणजे हायड्रोक्लोरिक आम्ल, ज्यात आम्ल आणि क्लोराइड दोन्ही एकदम येतात. याहून वाईट म्हणजे फ्लोराइडवाली आम्लं. त्यांच्यासमोर ॲल्युमिनिअमची कातडी टिकत नाही, आणि माणसाचीही. हायड्रोफ्लोरिक आम्ल हाताला लागलं की आधी फारसं दुखत नाही, ते आत जाऊन शरीरातलं कॅल्शिअम बांधतं आणि दुखणं काही तासांनी सुरू होतं. असं लागलं तर पाण्याने भरपूर धुवून ताबडतोब रुग्णालय गाठायचं आणि कशाने भाजलं ते डॉक्टरांना नीट सांगायचं, कारण त्याला कॅल्शिअम ग्लुकोनेटचा वेगळा उपचार लागतो. तो पोरगा हातमोज्यांशिवाय दिवसाला वीस गाड्या धुतो. चाक जाईल तेव्हा जाईल, आधी त्याच्या हातांचा विचार करावा.

दुसरं टोक कॉस्टिकवाल्या फोमचं. तो तेलकटपणा छान काढतो, म्हणून सगळ्या गाडीवर आणि चाकांवरही मारला जातो, आणि उघडा पडलेला धातू त्याने काळपट किंवा दुधाळ होतो. हा दुधाळपणा पॉलिशने जात नाही, कारण तो थराच्या खाली असतो. तिसरा प्रकार जुना: डिझेलचा फवारा. डिझेलने चाक तुकतुकीत दिसतं, पण तो थर पुढची सगळी धूळ धरून ठेवतो, पॅड दाबणाऱ्या कॅलिपरच्या रबरांना फुगवतो, आणि पॅडवर गेला तर ब्रेकच लागत नाहीत. ब्रेकजवळ डिझेल फिरकू द्यायचं नाही. बाटलीत काय आहे हे विचारून खरं उत्तर मिळेलच असं नाही. प्रयोगशाळेचं सामान विकणाऱ्या दुकानात पीएचच्या पट्ट्या स्वस्तात मिळतात, गाडीच्या कप्प्यात एक पुडी ठेवावी. पट्टी ६ ते ८.५ च्या मध्ये थांबली तर मारू द्या.

घरी धुवायचं तर सकाळी सातच्या आत, सावलीत, आणि चाक हाताला गार लागेपर्यंत थांबून. घाट उतरून आल्यावर तासभर तरी. तापलेल्या डिस्कवर गार पाणी मारणं डिस्कला बरं नाही आणि तापलेल्या चाकावर कुठलंही रसायन मिनिटभरात वाळतं. वाळलं की डाग. एका वेळी एकच चाक घ्यायचं. आधी नुसतं पाणी. प्रेशर गन असेल तर नोझल हातभर लांब ठेवायचं आणि जिथे थर उचकटलेला दिसतो तिथे रोखायचं नाही, नाही तर पाणीच त्याला आणखी सोलतं. मग साधा न्यूट्रल शाम्पू आणि मऊ ब्रश: समोरच्या तोंडाला एक, आतल्या पिंपाला, म्हणजे चाकाच्या आतल्या गोल पोकळीला, लांब दांड्याचा, आणि नटांच्या खळग्यांना छोटा गोल. नटांचे खळगे कोणी धूत नाही आणि ती वाळवीसारखी कीड तिथून सुरू होते. सुटी पूड या पहिल्या धुण्यातच जायला हवी. ती न काढता थेट महागडं रसायन मारणं म्हणजे फरशी न झाडता पोछा मारणं.

मग चाक झटकून घ्यायचं, थेंब साचलेले नकोत, आणि आयर्न रिमूव्हर, म्हणजे रुतलेलं लोखंड सोडवणारं रसायन, मारायचा. १८-१९ इंची चाकाला आतबाहेर मिळून ६० ते १०० मिलिलिटर पुरतो. यात थायोग्लायकोलिक आम्लाचा क्षार असतो, केस कुरळे करण्याच्या आणि केस काढण्याच्या क्रीममध्ये असतो त्याच कुळातला, म्हणून वासही तसाच, सडक्या अंड्याच्या वळणाचा. नाक फिरवून बसायची तयारी ठेवा. चांगला रिमूव्हर पीएचने न्यूट्रल असतो. तो क्लिअर कोटला हात लावत नाही, लोखंडाला धरतो. पंधरा-वीस सेकंदांत रुतलेल्या प्रत्येक कणाभोवती जांभळा ठिपका उमटतो, ठिपक्याची ओघळ होते, आणि तीन मिनिटांत स्वच्छ वाटलेलं चाक जखमी झाल्यासारखं जांभळं-लाल वाहू लागतं. पहिल्यांदा बघणारा घाबरतो. तो रंग लोखंड सुटत असल्याचा. रंग जास्त म्हणजे माल भारी असं समजू नका, रंग जास्त म्हणजे लोखंड जास्त. तीन ते पाच मिनिटं, त्यात एकदा ब्रश फिरवायचा, आणि वाळायच्या आत मिनिटभर भरपूर पाण्याने धुवायचं. ठिपके राहिले तर दुसऱ्यांदा मारावा, पण एकदाच मारून पंधरा मिनिटं ठेवू नये. पार्किंगच्या सिमेंटवर ओघळ राहिला तर तिथे डाग पडतो आणि सोसायटीचे सेक्रेटरी तो विसरत नाहीत, तेव्हा जमीनही धुवून टाका. आणि ज्या चाकाचा थर आधीच उचकटलाय, किंवा जे क्रोम केलेलं आहे, त्यावर आधी मागच्या बाजूला नखाएवढ्या जागी मारून बघा.

हे दर आठवड्याला करायचं नाही. महिन्या-दीड महिन्यातून एकदा पुरे, एरवी शाम्पू. डांबराचे ठिपके असतील तर ते रिमूव्हरला दाद देत नाहीत, त्यांना टार रिमूव्हर कापडावर घेऊन लावावा. क्ले बार, म्हणजे घासून कण उचलणारी मातीसारखी मऊ वडी, मी शेवटी ठेवेन. तो कण काढतो, पण ओरखडेही ठेवून जातो, आणि काळ्या चमकदार चाकावर ते उन्हात दिसतात.

पाइप लावायला परवानगी नसलेल्या सोसायट्या पुष्कळ आहेत. तिथे बागेत फवारणीला वापरतात तो दोन लिटरचा हातपंप घ्यावा. एका चाकाला दोन ते तीन लिटर पाणी लागतं, चारही चाकं दहा-बारा लिटरमध्ये नीट होतात. पण चाकांची बादली आणि चाकांचं फडकं वेगळं हवं, आणि खरी गडबड इथेच असते. रोज पहाटे गाड्या पुसणारा माणूस एक बादली आणि एक फडकं घेऊन पंधरा गाड्या करतो. फडकं चाकावरून फिरतं, बादलीत बुडतं, पिळलं जातं, आणि पुढच्या गाडीच्या बॉनेटवर जातं. फडक्यात बिडाची पूड असते. उन्हात बॉनेटवर कोळ्याच्या जाळ्यासारखे गोल ओरखडे दिसतात त्यातले बरेच असे आलेले असतात. त्याला रागावण्यापेक्षा चाकांसाठी एक रंगीत फडकं आणून द्या आणि सांगा, दादा, हे फक्त चाकांना.

बोअरवेलचं किंवा टँकरचं जड पाणी असेल, पुण्याच्या नव्या उपनगरांत ते नेहमीचंच, तर वाळल्यावर पांढरे गोल डाग उरतात. ते मिठाचे किंवा किडीचे नाहीत, चुन्याचे आहेत. धुतल्याबरोबर मायक्रोफायबरने टिपलं तर पडत नाहीत. पडलेच तर व्हिनेगर दहापट पाण्यात, कापडावर घेऊन, मिनिटभर, आणि लगेच साधं पाणी.

धुऊन झालं की गाडी तशीच हँडब्रेक लावून उभी करायची नाही. दोन-तीन किलोमीटर फिरवून आणायची, पाच-सहा वेळा हलका ब्रेक दाबायचा, डिस्क वाळवायच्या. ओल्या डिस्कला पॅड चिकटून राहिला की त्याच्या आकाराचा गंजाचा ठसा उमटतो. सकाळी 'टक्' आवाज येऊन गाडी सुटते आणि नंतर प्रत्येक फेऱ्याला ब्रेक पेडल किंचित थरथरतं.

वर्षातून एकदा चाकं उतरवावी लागतात, आणि त्यासाठी दसऱ्याइतका सोयीचा मुहूर्त नाही. पावसाळा नुकताच संपलेला असतो, गाडी नाही तरी धुवायचीच असते, झेंडूचा हार चढायच्या आधी चाकं खाली येऊ द्या. पूजेचं हळद-कुंकू चाकाला लावलंत तर संध्याकाळी पुसून टाका, लिंबू टायरखाली ठेवा पण रस चाकाच्या कडेवर वाळू देऊ नका. उतरवलेल्या चाकात काय बघायचं? पहिली आतली वजनं. युरोपात शिशाची वजनं कधीच बंद झाली, आता जस्ताची किंवा लोखंडाची मिळतात. लोखंडी वजनाचा लेप उडाला की ते गंजतं आणि त्याचा लाल ओघळ पिंपावर उतरतो. अशी वजनं बदलून घ्या, आणि टायरवाल्याला आधीच सांगा की कडेला ठोकायची क्लिप नको, आतून चिकटवायची द्या. दुसरं मधलं भोक आणि हबची, म्हणजे चाक ज्यावर बसतं त्या भागाची, टेकणी. तिथे ॲल्युमिनिअमचं चाक लोखंडी हबला ओल्या हवेत टेकलेलं असतं, म्हणजे दोन धातू आणि मध्ये ओलावा, आयती बॅटरी. चाक हबला इतकं चिकटतं की पंक्चरच्या रात्री लाथा मारून निघत नाही. तारेच्या ब्रशने हबची कड साफ करून तिथे, फक्त तिथे, ग्रीसचा बोटाने पातळ हात द्यावा. डिस्कवर, चाक टेकतं त्या सपाट जागेवर किंवा बोल्टच्या आट्यांवर नाही. बोल्टच्या बाबतीत गाडीचं पुस्तक सांगेल तेच.

तिसरा व्हॉल्व्ह. टायरचा दाब सांगणाऱ्या सेन्सरवाल्या गाड्यांत व्हॉल्व्हची नळी ॲल्युमिनिअमची असते. पंक्चरवाल्याने आत साधी पितळी पिन बसवली तर दोन पावसाळ्यांत पिन नळीला धरते, आणि काढताना अख्खी नळी तुटून हातात येते. निकेलचा मुलामा दिलेली पिन आणि प्लॅस्टिकचं टोपण वापरावं. धातूची रंगीत टोपणं शोभेला ठीक, पण तीही अशीच जाम होतात. चौथी, टायर बसतो ती कड. आठवड्याला दोन-तीन पीएसआय हवा उतरते आणि पंक्चर सापडत नाही, अशी तक्रार असेल तर साबणाचं पाणी टायरच्या कडेला घालून बघा. सलग बारीक बुडबुडे आले तर कीड टायरखाली गेली आहे. टायर उतरवून ती कड बारीक नायलॉनच्या चकतीने पांढरी पूड जाईपर्यंत साफ करायची, बीड सीलर (इथे बीड म्हणजे टायरची कड, लोखंड नव्हे) लावून टायर परत चढवायचा. ग्राइंडरची खरखरीत चकती तिथे चालवू द्यायची नाही, धातूची कड एकदा कमी झाली की परत येत नाही.

चाक परत चढवताना बोल्ट हाताने लावून चांदणीच्या क्रमाने, आणि शेवटचा ताण टॉर्क रेंचने. स्कोडा-फोक्सवॅगनच्या बहुतेक गाड्यांना १२० न्यूटन-मीटर, बीएमडब्ल्यूच्या १४ मिलिमीटर बोल्टला १४०, पाच बोल्टच्या अलीकडच्या पोर्शे ९११ ला १६०. हवेच्या गनने 'टर्रर्र' करून आवळलेले बोल्ट बोल्टच्या टेकणीतला रंग फोडतात, आणि किडीला पाचवी जागा मिळते. ५० ते १०० किलोमीटर चालल्यावर ताण पुन्हा तपासायचा.

चाकं बाहेर आहेतच तर सिरॅमिक कोट, म्हणजे घाण घट्ट बसू न देणारा पारदर्शक थर, चढवावा का? हो, पण अपेक्षा ठरवून. पूड पडायची थांबत नाही, ती पाण्याने सुटते इतकंच. आणि तेवढं पुरे असतं, कारण मग कुणाला बाटली उचलायची वेळ येत नाही. मे महिन्यात, पावसाच्या आधी केलेला उत्तम. चाक धुऊन, रिमूव्हर मारून, वाळवून, आयसोप्रोपाइल अल्कोहोलने पुसून घ्यायचं. ३० मिलिलिटरच्या बाटलीत चारही चाकं आतून-बाहेरून होतात. लावल्यावर किमान बारा तास, शक्यतो दिवसभर पाणी नको. किडीच्या रेषा आधीच दिसत असतील तर मात्र कोट लावून उपयोग नाही, वाळवी आत कोंडली जाते आणि चालतच राहते.

त्या रेषा दिसल्यावर उपाय एकच: तिथला थर काढून चमकता धातू येईपर्यंत जायचं आणि नव्याने रंगवायचं. ठिपका ताजा असेल, पांढरं काही आलं नसेल, तर अल्कोहोलने पुसून टूथपिकच्या टोकाने क्लिअर लॅकरचा थेंब ठेवला तरी वर्ष-दोन वर्षं निभावतात. डायमंड कट चाक पुन्हा लेथवर घेता येतं, पण दर वेळी तोंडावरचा थोडा धातू जातो, म्हणून दोन-तीन खेपांपुढे कोणी शहाणा कारागीर हात लावत नाही. किनाऱ्याजवळ राहणाऱ्यांनी पहिल्याच खेपेला डायमंड कटचा मोह सोडून चाक पूर्ण पावडर कोट करून घ्यावं, गडद राखाडी रंगात. पूडही त्यावर कमी दिसते. मात्र भट्टीचं तापमान विचारायचं. चाकाच्या धातूला ताकद येते ती कारखान्यात १५०-१७५ अंशांच्या आसपास तासन् तास मुरवून, आणि पावडर भाजायला १८०-२०० अंश लागतात. वीस मिनिटांत ते निभतं. जुना रंग जाळून काढायला भट्टीत घालून विसरलेलं चाक दिसायला नवं निघतं आणि खड्ड्यात वाकतं. तडा गेलेलं चाक वेल्डिंग करून देतो म्हणणाऱ्याचे आभार मानून निघावं.

पॅड बदलून पूड कमी करता येते. सिरॅमिक म्हणून मिळणारे रस्त्यावरचे पॅड बऱ्यापैकी स्वच्छ असतात, पण पहिला चावा मऊ होतो आणि उष्णता सोसण्याची ताकद पॅडागणिक वेगळी असते. शहरात फिरणाऱ्या गाडीला ते चालतील, दर शनिवारी घाटात किंवा ट्रॅकवर जाणाऱ्या गाडीला मी सुचवणार नाही. बदललेच तर डिस्कवरचा जुन्या पॅडचा थर काढून, मग मोकळ्या रस्त्यावर ८० वरून २० पर्यंत दहा वेळा, मध्ये न थांबता, आणि शेवटी दहा मिनिटं ब्रेक न दाबता गार करत चालवणं, एवढं करावंच लागतं. चाक आणि हबच्या मध्ये बसवायच्या पूड अडवणाऱ्या चकत्या कुठे मिळाल्या तर घेऊ नका. त्या पुडीबरोबर हवाही अडवतात, आणि घाटात ब्रेकला हवाच हवी असते.

कारखान्यांनीही हा प्रश्न उशिरा का होईना मनावर घेतला. पोर्शेने २०१७ मध्ये केयेनबरोबर बिडाच्या डिस्कवर टंगस्टन कार्बाइडचा अतिपातळ थर देऊन आणला. डिस्क आरशासारखी दिसते, पूड ९० टक्क्यांपर्यंत घटते असा कंपनीचा दावा आहे, आणि ते मिरवायला कॅलिपर चक्क पांढरे ठेवले. युरोपात गाड्यांच्या प्रदूषणाच्या युरो ७ नियमांनी ब्रेकच्या बारीक कणांना पहिल्यांदाच मर्यादा घातली: बहुतेक पेट्रोल, डिझेल आणि हायब्रिड कारना किलोमीटरमागे ७ मिलिग्रॅम, नुसत्या बॅटरीवर चालणाऱ्यांना ३. नव्या मॉडेलांना ती २९ नोव्हेंबर २०२६ पासून लागू. विजेच्या गाडीची गंमत वेगळीच. तिथे मोटरच गाडी आवरते, ब्रेक क्वचित लागतात, पूड नसते, आणि न वापरल्यामुळे डिस्क गंजतात. म्हणून फोक्सवॅगनने आयडी.४ ला मागे पुन्हा ड्रम दिले.

पूड आहे तोवर ती वाचायला मात्र शिकावं. पुढची चाकं मागच्यांपेक्षा काळी असणं स्वाभाविक आहे, ब्रेकचं बहुतेक काम पुढे होतं. डावं आणि उजवं पुढचं सारखं काळं हवं. एकच चाक दुप्पट काळं होत असेल तर त्या कॅलिपरची सरकणारी पिन किंवा पिस्टन अडकला असण्याची शक्यता मोठी, पॅड सुटतच नाही. वीसेक किलोमीटर चालवून, शेवटचा किलोमीटर शक्यतो ब्रेक न दाबता येऊन, दोन्ही डिस्कचं तापमान इन्फ्रारेड थर्मामीटरने बघावं. तीस-चाळीस अंशांचा फरक दिसला तर वर्कशॉप गाठायचं आणि पिना काढून, साफ करून, ब्रेकसाठीचं खास ग्रीस घालायला सांगायचं. एक चाक नेहमीपेक्षा स्वच्छ दिसत असेल तर त्याकडेही बघायला सांगा, तो ब्रेक कामच करत नसेल. थर्मामीटर नसेल तर रोज पहाटे गाडी पुसणाऱ्याला विचारा, कुठल्या चाकाला फडकं जास्त काळं होतं. तो उभ्या उभ्या सांगेल, पुढचं डावं.